सा हलवायचा कसा

मी कॉम्प्युटरवर डान्सची गाणी बनवतो. एका गाण्यात शेवटच्या ड्रॉपला, म्हणजे थांबलेला ठेका जिथं पुन्हा कोसळतो तिथं, सगळे स्वर सिलेक्ट केले, वरचा अ‍ॅरो दोनदा दाबला, झालं. एफ मायनरचा जी मायनर. रात्री अडीच वाजता हेडफोनवर ते ऐकलं आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. वाटलं की इतकी वर्षं आपण उगाच घाबरत होतो, 'की चेंज', गाण्याची पट्टी बदलणं, म्हणजे एवढंच तर असतं.

पुढच्याच महिन्यात पुण्यात एका छोट्याशा बारमध्ये मित्र वाजवत होता, तिथं त्यानं माझं ते गाणं लावलं. चाळीसेक माणसं असतील. पहिले चार मिनिटं मस्त गेली, आणि मग तो माझा सोन्यासारखा ड्रॉप आला आणि लोक थांबले नाहीत, पण नाचता नाचता पायरी चुकल्यावर माणूस जसा क्षणभर खाली बघतो ना, तसं झालं. आणि खरी गंमत तर पुढंच होती. मित्रानं पुढचं गाणं मिक्स करायला घेतलं, आणि त्याच्या स्क्रीनवर माझ्या गाण्यापुढं ४ए असं लिहिलेलं होतं, म्हणजे एफ मायनर, म्हणून त्यानं इमानदारीत ४ए चंच दुसरं गाणं निवडलं. पण मी तर एव्हाना ६ए ला जाऊन बसलो होतो! जवळजवळ मिनिटभर एकाच देवळात दोन भजनी मंडळं, दोघांची पट्टी वेगळी आणि दोघंही हटायला तयार नाहीत, असा प्रकार चालला. मित्रानं माझ्याकडं जे बघितलं ते अजून लक्षात आहे.

ज्यांना हे ४ए-६ए माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डीजे लोक घड्याळासारखं एक चक्र वापरतात, कॅमेलॉट व्हील. बारा आकडे, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. शेजारच्या आकड्यावर गेलात की सहसा खटकत नाही, कारण शेजारच्या दोन स्केलमध्ये सातपैकी सहा स्वर तेच असतात. ८ए म्हणजे ए मायनर, ९ए म्हणजे ई मायनर, असं. सॉफ्टवेअर गाणं ऐकून आकडा चिकटवून देतं, आणि ते बिचारं एका गाण्याला एकच आकडा देतं. गाण्यानं मध्येच घर बदललं तर त्याचा पत्ता जुनाच राहतो.

बरं, हे सगळं सॉफ्टवेअरच्या आधीही होतंच. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर वेग ८ टक्क्यांनी वरखाली करता यायचा, आणि तबकडी साधारण ६ टक्के वेगानं फिरवली की गाणं अर्धा स्वर चढतं. म्हणजे बीट जुळवायच्या नादात डीजे रोज रात्री नकळत पट्ट्या बदलतच होते. तिकडं गोव्यात हणजुण्याच्या पार्ट्यांमध्ये डॅट टेप (डिजिटल कॅसेट) वाजवायचे, तिचा वेगच बदलता यायचा नाही, मग एक गाणं संपवून दुसरं चालू करायचं. मला कधी कधी वाटतं तेच बरं होतं.

घरी येऊन मी फाईल उघडली आणि आधी टेक्निकल चुका शोधत बसलो. त्या सापडल्याच. मी मिडी, म्हणजे नुसत्या स्वरांच्या सूचना, वर सरकवलं होतं पण किक, म्हणजे ढोलाचा ठोका, हे तयार सॅम्पल होतं आणि त्याची शेपटी एफवर ट्यून केलेली, ती तिथंच राहिली. म्हणजे सब-बेस, तो अगदी तळाचा खर्ज, आता जी म्हणजे ४९ हर्ट्झवर आणि किकची शेपटी ४३.६५ वर. दोन्ही एकमेकांवर आले की सेकंदाला पाचेक लाटा उठतात, सुरात न लागलेल्या दोन तारा वाजवल्या की जसं घुमतं ना, तसंच, फक्त इथं ते पोटात घुमतं. शिवाय ड्रॉपच्या आधीच्या पॅडचा (मागं पसरून वाजणाऱ्या सुरांचा) लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, अजून एफ मायनरमध्येच तरंगत होता आणि त्याच्यावर मी जी मायनर आणून आदळला होता, ओल्या भिंतीवर रंग मारल्यासारखा. किक बदलली, रिव्हर्ब कापला. गाणं स्वच्छ झालं, आणि तरीही ती खाली बघायला लावणारी पायरी तिथंच होती.

दिवाळीत मिरजेला गेलो. तिथं माझी आत्या असते, गाणं शिकवते. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, भोपळा, तारा, लाख यांचा वास असलेली दुकानं, लहानपणी आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. आत्याकडं एक स्केलचेंजर पेटी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो, यात पट्ट्यांची अख्खी रांगच डावी-उजवीकडं सरकते. बोटं तीच ठेवायची, पट्ट्या सरकवायच्या, गाणं काळी एकमधून पांढरी दोनमध्ये. लहानपणी मी शिष्यांच्या गाण्यात मध्येच हळूच ती सरकवायचो आणि धपाटा खायचो.

तर तिला मी हेडफोन लावून ते गाणं ऐकवलं. डोळे मिटून सगळं ऐकलं तिनं, साडेसहा मिनिटं, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "छान आहे रे. ठेका जरा लवकर कळतो, पण छान आहे. ते शेवटी काय केलंस, पेटी सरकवलीस होय?"

"अगं, की चेंज आहे तो."

"ते कळलं. पण सा हलवायचा तर आधी सा बसायला नको का? तुझा सा मला पहिल्यापासून सापडलाच नाही. सारखा इकडून तिकडं पळतोय."

मी जरा चिडलोच. माझ्या गाण्यात चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, होत्या, एफ मायनर, डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट. जगातल्या अर्ध्या डान्स गाण्यांत हाच क्रम असतो, कुठलीही पट्टी घ्या. पण रात्री विचार करता करता मला तिचं म्हणणं हळूहळू टोचायला लागलं. १२४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके असताना, चार बार म्हणजे सोळा ठोके, पावणेआठ सेकंद. दर पावणेआठ सेकंदांनी माझं गाणं चार घरं फिरून येत होतं, पुन्हा पुन्हा, साडेसहा मिनिटं. कान कुठंच टेकत नव्हता. असा माणूस, जो रोज चार गावं हिंडतो, त्यानं एक दिवस पाचव्या गावाला जाऊन "मी स्थलांतर केलं हो" म्हणून सांगितलं तर कोण दखल घेणार.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवली. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग नावाच्या सिनेमातल्या वादकानं रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, दहा रागांची एक डिस्को रेकॉर्ड केली होती. चालली नाही फारशी. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले, कारण ती ऐकायला ॲसिड हाऊस या डान्स म्युझिकच्या प्रकारासारखी लागते आणि ॲसिड हाऊस तर शिकागोत नंतर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आलं. त्यावर खूप वाद झाले, कोण पहिला वगैरे. मला त्यात रस नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, की त्या रेकॉर्डमध्ये कॉर्डची ये-जा जवळपास नाहीच. एक सा आहे, तो गच्च धरून ठेवलाय, आणि त्याच्यावर ३०३ भैरव म्हणतंय नाहीतर मालकंस म्हणतंय. आणि शिकागो-डेट्रॉइटवाले जे करत होते तेही बरंचसं असंच. डेट्रॉइटमध्ये तर लोक एक अख्खी मायनर कॉर्ड सॅम्पल करून एका पट्टीवर बसवायचे, मग एकेक पट्टी दाबली की तीच कॉर्ड जशीच्या तशी वर-खाली सरकते. शाळेतल्या हार्मनीच्या नियमांत हे बसत नाही, समांतर पंचम चालत नाहीत तिथं, पण त्या तुटक कॉर्डची, स्टॅबची, जी मजा आहे ती त्याच सरकण्यात आहे. म्युनिकमध्ये १९७७ ला जॉर्जिओ मोरोडरनं डोना समरसोबत 'आय फील लव्ह' केलं त्यातही तेच, मूग सिंथवरची एकच धावती बेस-ओळ, ती बराच वेळ एका स्वरावर धावते आणि मग अख्खीच्या अख्खी दुसऱ्या स्वरावर उचलून ठेवली जाते, आणि ती उचलली जाते तेव्हा जमीन वर आल्यासारखं वाटतं. कारण तोवर आपण त्या जमिनीवर पुरते उभे राहिलेलो असतो.

म्हणजे आत्याचंच खरं. (हे तिला सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडं एक मुलगी मालकंस शिकायला आली होती. रात्रीचा राग मालकंस, तो सकाळी, पण क्लासची वेळ तीच, काय करणार. मालकंसात पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावलेली. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, पाचच स्वर. ती गेल्यावर आत्यानं मला हाक मारली. "बस इथं. तुला पेटी न सरकवता सा हलवून दाखवते." तिनं उजव्या हातानं मालकंसाचे तेच पाच स्वर वाजवत ठेवले आणि डाव्या हातानं खाली षड्जाऐवजी कोमल धैवत धरला. नुसती एक पट्टी. आणि मालकंस गेला! तिथं भूप उभा होता. उजव्या हातानं एकही स्वर बदललेला नाही, तेच पाच, पण तो अंधारा मालकंस जाऊन अचानक मोकळा, उजेडाचा भूप.

मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्याच स्वराला सा मानणं, हा शब्द मी शाळेपासून ऐकत होतो, परीक्षेत लिहिलाही असेल. पण त्या सकाळी मला ते पहिल्यांदा प्रोड्युसरच्या कानानं ऐकू आलं. लीड, म्हणजे वरची मुख्य चाल, तीच ठेवायची. मेलडीला हात लावायचा नाही. फक्त खालचा बेस उचलून दुसरीकडं ठेवायचा. डान्स म्युझिकमध्ये सा कॉर्ड ठरवत नाहीत, मेलडीही ठरवत नाही, सब ठरवतो. वर तुम्ही काहीही गुंफा, स्पीकरच्या तळातून जो स्वर छातीवर येतो त्यालाच अंग सा मानतं.

मग पुण्याला परत येऊन मी ते गाणं अर्धं पाडलं. चार कॉर्डचं लूप काढून टाकलं, जिवावर आलं होतं पण काढलं. पहिला अर्धा भाग नुसता एफवर. पांढरी चार. सब ४३.६५ वर ठाण मांडून, वर मालकंसाचे पाच स्वर, एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट, आणि आधाराला एफ मायनरची एकच कॉर्ड. मुख्य म्हणजे डी फ्लॅटची कॉर्ड पूर्ण बंद. तीन मिनिटं कुठंही नाही. जिथं जायचंय तिथं आधी चुकूनही पाय ठेवायचा नाही, लग्नाआधी नवरीच्या घरी जायचं नसतं तसं.

मग ब्रेकडाउन, ड्रॉपच्या आधीचा रिकामा भाग. इथं सब काढून घेतला, किकही गेली. १६ बार, म्हणजे ३१ सेकंद. सब गेल्यावर कान थोडा वेळ जुना सा आठवणीतून चालवतो, आणि मग हळूहळू तो सैल पडतो, हे मी स्वतःवर बरेचदा करून बघितलं. पॅडमध्ये एफ मायनरची कॉर्ड आहे, एफ, ए फ्लॅट, सी. त्यातला सी मी आठव्या बारला काढला. उरले एफ आणि ए फ्लॅट, आणि या दोघांचं काही सांगता येत नाही. सी परत आला तर एफ मायनर. पण सी च्या अर्धा स्वर वर डी फ्लॅट आहे, तो आला तर ती डी फ्लॅट मेजर. दोन पाहुणे दारात उभे, तिसरा कोण येतोय त्यावर हे कुणाकडचे ते ठरणार. आणि मग ड्रॉपला सब येतो तो डी फ्लॅटवर. काळी एक.

थिअरीवाला माणूस इथं हात वर करणार हे मला माहिती आहे, की अरे हे तर एफ मायनरमध्येच सहाव्या पायरीवर जाणं झालं, यात पट्टी कुठं बदलली. बरोबर आहे. मालकंसाच्या पाच स्वरांत तसा निकाल लागतच नाही. म्हणून आठ बार गेल्यावर लीडमध्ये मी एक नवा स्वर घातला, जी फ्लॅट. एफ मायनरमध्ये जी असतो, डी फ्लॅट मेजरमध्ये त्याच्या जागी जी फ्लॅट, बाकी सहा स्वर तेच. नव्या सा चा हा शुद्ध मध्यम. तो लागला की परतीचा रस्ता बंद. आणि ही दोन घरं चक्रावर शेजारी आहेत, ४ए आणि ३बी, त्यामुळं मित्राच्या स्क्रीनवर जुना पत्ता दिसला तरी यावेळी दोन भजनी मंडळं होणार नाहीत, फार तर एकाच मंडळातले दोन टाळकरी.

एक भानगड मात्र राहिली, आणि ती कुठल्याच थिअरीच्या पुस्तकात सापडणार नाही. डी फ्लॅटचा सब म्हणजे ३४.६५ हर्ट्झ. बऱ्याच छोट्या सिस्टीमवर तो वाजतच नाही, नुसती हवा हलते. वरचा घेतला तर ६९.३, तो वाजतो पण त्यात वजन नाही, बेस एकदम उभा राहिल्यासारखा वाटतो. क्लबच्या गाण्यांत ई, एफ, जी या पट्ट्या जास्त का दिसतात त्याचं एक कारण हेच, ४० ते ५० हर्ट्झमध्ये सब सुखात असतो. म्हणजे पट्टी बदलायची तर नुसता सूर बदलत नाही, आख्खं वजन बदलतं, आणि माझ्या मते की चेंज डान्स म्युझिकमध्ये एवढा कमी दिसतो याचं कारण लोकांना हार्मनी कळत नाही हे नसून हे वजनाचं गणित आहे.

मी खालचाच ठेवला आणि त्याला सॅच्युरेशन लावलं. सॅच्युरेशन म्हणजे आवाजाला थोडं खरवडायचं, की त्याच्यातून वरचे स्वर फुटतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. मग छोट्या स्पीकरवर मूळ ३४ ऐकू आला नाही तरी ६९, १०४ ऐकून मेंदू खालचा सा स्वतःच भरून काढतो. हे करत असताना ॲनालायझरवर एक रेघ दिसली, साधारण १७३ हर्ट्झला. ३४.६५ गुणिले पाच. तो कुठला स्वर म्हणून बघितलं तर एफ! जरा उतरलेला, सिंथचा एफ १७४.६ ला असतो, पण एफच. आणि तेव्हा मी खुर्चीत मागं टेकलो, कारण मिरजेत सगळ्यांना माहिती असलेली गोष्ट मी लॅपटॉपवर शोधून काढली होती. तंबोरा नीट लागला आणि जवारी (घोडीचा माथा घासून तारेला आणलेला झंकार) चांगली काढलेली असली की षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो, कुणी न छेडता. आत्या नव्या शिष्यांना पहिल्या दिवशी तेच ऐकायला लावते, "गंधार ऐकू येतोय का, येईपर्यंत गाऊ नका." घोडीवरचा, तारेखालचा दोरा इकडं-तिकडं करून जवारीवाला जे करतो, तेच मी प्लगइनची एक नॉब फिरवून करत होतो, फक्त त्याला कानानं कळतं आणि मला आलेख लागतो.

संक्रांतीला पुन्हा गेलो. यावेळी हेडफोन नाही, सोबत स्पीकर नेला होता, मध्यम आकाराचा, शेजाऱ्यांना विचारून लावला. आत्या मटार सोलत बसली होती. मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणालो की ऐकत ऐकत सा धरून ठेव. तिनं पहिल्या मिनिटातच धरला, पांढरी चार, अर्ध्या आवाजात, मटार सोलता सोलता. यावेळी "सापडत नाही" म्हणाली नाही. ब्रेकडाउन आलं, सब गेला, ती आपली धरून आहे. पॅडमधला सी गेला तेव्हा तिनं एकदा वर बघितलं, पण आवाज हलला नाही.

ड्रॉप आला. खिडकीची काच थरथरली. ती तोच स्वर लावून बसलेली, एक बार, दोन बार, चार बार. आणि मग तिचे मटारातले हात थांबले. स्वर न सोडता ती माझ्याकडं बघायला लागली, मग हसली, आणि हसताना तो तुटला.

"अरे," म्हणाली, "मी गंधारावर बसलेय की!"